झब्बू : जिथे कुणीच जिंकत नाही, हरतो मात्र एकच

गणपतीत किंवा मे महिन्यात दहा-बारा माणसं एका घरात जमली की पहिला तास छान जातो. प्रवास कसा झाला, कोण किती उंच झालं, कुणाचं लग्न कुठवर आलं, सगळं बोलून होतं. मग हळूहळू पांगापांग सुरू होते. आजी-आजोबा आतल्या खोलीत, मधली पिढी चहाच्या कपांभोवती आणि मुलं आपापल्या मोबाइलमध्ये. कुणाचा कुणावर राग नसतो. आठ वर्षांच्या नातीला आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांना मिळून करण्यासारखं काही सापडत नाही, एवढंच.

अशा वेळी कपाटावरचा पत्त्यांचा कॅट खाली काढावा आणि झब्बू मांडावा.

झब्बूच का? ब्रिजला चारच माणसं लागतात आणि शिकायला महिने. मेंढीकोटात भिडू असतो, आणि भिडूने चुकीचं पान टाकलं की त्याला जेवणाच्या ताटावरही ऐकून घ्यावं लागतं. रमीत हिशेब आला. झब्बूला चारपासून बारापर्यंत कितीही माणसं चालतात, नियम दहा मिनिटांत समजतात आणि मधूनच कुणी पोळ्या लाटायला उठलं तरी पुढच्या डावाला परत बसता येतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे या खेळात पहिला नंबर नसतो. एकेक जण सुटत जातो आणि शेवटी पानं हातात घेऊन जो एकटा उरतो, तो झब्बू. बाकी सगळे सारखेच.

डाव कसा मांडायचा

सहा जणांपर्यंत एक कॅट पुरतो. त्याहून जास्त माणसं असतील तर दोन कॅट एकत्र पिसा. जोकर काढून ठेवा. पिसून झालं की शेजाऱ्याला कापायला द्या आणि सगळी पानं वाटून टाका. चार जणांत प्रत्येकी 13 पानं येतात. सहा जणांत चौघांना 9 आणि दोघांना 8 येतात. त्यावरून कुरकुर करायची नाही. एक्का सर्वांत मोठा, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी असं उतरत दुर्रीपर्यंत. या खेळात हुकूम नसतो.

ज्याच्याकडे इस्पिकचा एक्का असेल त्याने तो टाकून सुरुवात करायची. पुढच्या प्रत्येकाने त्याच रंगाचं, म्हणजे इस्पिकचं, एकेक पान टाकायचं. सगळ्यांनी रंग पाळला की तो हात बाद. ती पानं पालथी करून बाजूला ठेवायची; ती आता कुणाचीच नाहीत. त्या हातात ज्याचं पान सर्वांत मोठं होतं, पुढची उतारी त्याची. तो हवा तो रंग खेळू शकतो.

आता खरी गंमत. उतारीचा रंग तुमच्या हातात नसेल तर तुम्ही दुसऱ्या रंगाचं कुठलंही पान टाकता. हाच झब्बू. झब्बू पडला की हात तिथेच थांबतो. तोपर्यंत उतारीच्या रंगाचं सर्वांत मोठं पान ज्याने टाकलं असेल, त्याने खालची सगळी पानं उचलून हातात घ्यायची आणि पुढची उतारी करायची.

एक उदाहरण घेऊ. आजीने बदाम चौकी उतरली. मामाने बदाम नव्वी टाकली, ताईने बदाम राणी. दादाकडे बदाम नाही. त्याने मोठ्या आनंदाने इस्पिक राजा टाकला. बदामात राणी मोठी, म्हणून ताईला चारही पानं उचलावी लागली. दादाचा राजा गेला, मामाची नव्वी गेली, आजीची चौकी गेली आणि सगळं ताईच्या पदरात. तिच्या हातात बदाम पंजी असती आणि तिने ती टाकली असती, तर हे ओझं मामाच्या नव्वीवर गेलं असतं.

बसण्याआधी ठरवायच्या चार गोष्टी

झब्बूवरून होणारी भांडणं जवळजवळ सगळी इथलीच असतात, म्हणून वाटण्याआधीच बोलून घ्या.

पहिली : पहिल्या हातात झब्बू लागू करायचा का? इस्पिकचा एक्का सक्तीने टाकायला लावायचा आणि वर त्यालाच पानं उचलायला लावायची, हे काही बरं नाही. म्हणून पहिला हात माफ ठेवावा. कुणाकडे इस्पिक नसलं तरी सगळी पानं बाद.

दुसरी : झब्बू पडल्यावर हात लगेच थांबवायचा, की उरलेल्यांनीही पानं टाकून फेरी पूर्ण करायची? दोन्ही प्रकार चालतात. लगेच थांबवलं तर खेळ वेगवान होतो. फेरी पूर्ण केली तर उचलणाऱ्याच्या ओझ्यात आणखी भर पडते. खालचे सगळे डावपेच पहिली पद्धत धरून आहेत.

तिसरी : शेवटचं पान टाकून कुणी सुटला आणि हातातलं मोठं पान त्याचंच निघालं, तर उतारी कोण करणार? सोपा तोडगा असा, की त्याच्या पुढचा भिडू करेल.

चौथी : दोन कॅट असतील तर एकाच हातात दोन बदाम राजे पडू शकतात. अशा वेळी नंतर पडलेला मोठा, असं ठरवून टाका.

आणि एक नियम सर्व घरांत सारखाच असायला हवा. हातात रंग असून नाही म्हणणाऱ्याला त्या हातातली सगळी पानं उचलावी लागतात. मग वय साठ असो की सहा.

तेराचा पाढा

झब्बू हा नशिबाचा खेळ आहे असं म्हणणारा माणूस बहुधा मघाच हरलेला असतो. नशीब पानं वाटताना संपतं. पुढचा खेळ स्मरणाचा आहे, आणि स्मरण फार अवघडही नाही. प्रत्येक रंगाची 13 पानं असतात, एवढं धरून चाला.

समजा सहा जण आहात. किलवरची पहिली उतारी झाली, सगळ्यांनी रंग दिला. सहा पानं बाद, सात उरली. दुसऱ्यांदा किलवर आला, पुन्हा सगळ्यांनी दिला. आता एकच किलवर शिल्लक. तो ज्याच्या हातात असेल त्याने चुकून उतरला तर झब्बू नक्की, आणि तो त्यालाच खावा लागणार. पाच जण असाल तर दोन फेऱ्यांनंतर तीन पानं उरतात. म्हणजे तिसऱ्या उतारीला निदान दोघांकडे तो रंग नसणारच. चार जणांत तीन उताऱ्या निभावू शकतात, चौथीला खात्रीने झब्बू. हे गणित सगळे भिडू अजून खेळात असताना आणि मधे कुणी पानं उचललेली नसताना लागू पडतं. उचललेली पानं बाद होत नाहीत, ती परत एका हातात येतात, हे विसरू नका.

पहिल्या उतारीलाही अगदी निर्धास्त राहू नये. नऊ पानांच्या हातात चारांपैकी एखादा रंग मुळातच नसण्याची शक्यता शंभरात बावीस-तेवीस असते. म्हणजे सहा जणांच्या बैठकीत कुणीतरी पहिल्यापासूनच टपून बसलेला असू शकतो.

पानं लक्षात ठेवण्याची ही कला आपल्याकडे झब्बूच्याही आधीची आहे. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या सावंतवाडीत आजही हाताने रंगवलेले गोल गंजिफा मिळतात. त्यातल्या दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची 12 पानं, अशी 120 पानं असतात. कोणती पडली आणि कोणती उरली हे ध्यानात ठेवणारे लोक तो खेळ खेळत. आपल्याला तर चारच रंग सांभाळायचे आहेत. चारही जमत नसतील तर एकच रंग मोजायला घ्या. तेवढ्यानेही बरीच ओझी टळतात.

डावपेच

मोठी पानं लवकर घालवा. ब्रिजमध्ये एक्का आला की चेहरा खुलतो, झब्बूत उलट. डावाच्या सुरुवातीला बहुतेकांकडे सगळे रंग असतात. तेव्हा टाकलेला एक्का शांतपणे बाद होतो. तोच एक्का शेवटापर्यंत जपलात तर कुणीतरी त्याच्यावर झब्बू देणार. दुर्री-तिर्री मात्र सांभाळून ठेवा. त्यांचं काम शेवटी असतं.

शेवटून खेळण्याचा फायदा घ्या. हातात तुमची पाळी शेवटची असेल आणि आधीच्या सगळ्यांनी रंग दिला असेल, तर तुमच्यामागे झब्बू द्यायला कुणी उरलेलं नसतं. तेव्हा त्या रंगातलं सर्वांत मोठं पान बिनधास्त टाका. अशा वेळी चौकी टाकणारा माणूस आपला राजा फुकट जपत असतो. उतारी तुमच्याकडे येईल खरी, पण राजा गेला हे महत्त्वाचं.

उतारी करताना पुढच्या भिडूकडे बघा. लहान पान उतरलं की आपण सुरक्षित, असं अनेकांना वाटतं. पण तुमच्या लगेच पुढे बसलेल्याकडे तो रंग नसेल, तर खाली एकट्या तुमचंच पान असतं. दुर्री असली तरी तीच सर्वांत मोठी ठरते आणि झब्बू तुमच्याच गळ्यात. कुणी कोणत्या रंगावर झब्बू दिला हे लक्षात ठेवा, आणि पुढचा भिडू ज्या रंगावर टपला आहे तो रंग उतरू नका.

झब्बू देताना घाई नको. हाती आलेली संधी मोठं पान फेकायला वापरावी, हा साधा नियम. पण कधी कधी एखाद्या रंगाचं एकच पान हातात उरलेलं असतं. ते लहान असलं तरी तेच द्यावं. रंग संपला की पुढच्या वेळी त्या रंगावरही तुम्ही झब्बू देऊ शकता.

उचलणाऱ्यानेही हाय खाऊ नये. ताईने उचललेली चार पानं सगळ्यांनी पाहिली आहेत, हे खरं. तिच्याकडे बदाम आहेत आणि दादाकडे नाहीत, हेही सगळ्यांना कळलं. म्हणून तिने लगेच बदाम उतरू नये. ज्या रंगाची पानं अजून फारशी बाहेर पडलेली नाहीत, त्यातलं लहान पान खेळून उतारी दुसऱ्याकडे सरकवावी. एकदा उचललेला माणूस पुन्हा पुन्हा उचलतो, ते पानांमुळे कमी आणि घाबरून तोच रंग खेळल्यामुळे जास्त.

शेवटचे दोघे

दोघे उरले की सगळं घर त्यांच्याभोवती गोळा होतं. सुटलेली मंडळी मागे उभी राहून पानं बघतात आणि तोंड दाबून हसतात. इथे एका पानाच्या क्रमावर डाव फिरतो. एक गंमत करून बघा.

तुमच्याकडे बदाम दुर्री आणि किलवर राजा. समोर मामाकडे बदाम सत्ती आणि चौकट तिर्री. उतारी तुमची.

मोठं पान आधी घालवावं म्हणून तुम्ही किलवर राजा उतरलात. मामाकडे किलवर नाही, त्याने चौकट तिर्रीचा झब्बू दिला. आता तुमच्याकडे तीन पानं आणि मामाकडे फक्त बदाम सत्ती. तुम्ही बदाम दुर्री खेळलात तर मामा सत्ती टाकून सुटतो. दुसरं काहीही खेळलात तरी तो सत्तीचा झब्बू देऊन सुटतो. झब्बू तुम्हीच.

आता मागे जाऊन बदाम दुर्री आधी खेळा. मामाला रंग पाळावाच लागतो. त्याने सत्ती टाकली, ती मोठी ठरली, दोन्ही पानं बाद. उतारी मामाकडे गेली आणि त्याच्याकडे एकच पान आहे, चौकट तिर्री. ती त्याने टाकली. तुमच्याकडे चौकट नाही. तुम्ही किलवर राजा वर ठेवला आणि हात झटकले. मामा झब्बू!

पानं तीच, माणसं तीच, फक्त क्रम बदलला. सुरुवातीला जपलेल्या दुर्रीचं मोल इथे कळतं. शेवटच्या दोघांत समोरच्याच्या रंगाचं लहान पान ज्याच्याकडे असतं, तो उतारी दुसऱ्यावर ढकलू शकतो.

तोंडाचा खेळ

झब्बू गप्प बसून खेळायचा खेळ नव्हे. चांगली पानं आली तरी कपाळावर हात मारावा, वाईट आली तर गुणगुणावं. कुणी पान टाकायला वेळ लावला तर “अगं, पान टाकतेस की अंडं घालतेस?” असं विचारायला हरकत नसावी. दोनच गोष्टी वर्ज्य : आपल्या हातात काय आहे ते सांगणं आणि नवरा-बायकोने मिळून कुणाला तरी गाठणं. दुसरी गोष्ट सिद्ध करता येत नाही, पण आरोप जरूर करावा.

या खेळातलं सगळ्यात मजेचं दृश्य म्हणजे नातवाने आजोबांना दिलेला झब्बू. एरवी आजोबांसमोर आवाज खाली ठेवणारा मुलगा इथे उभा राहून ओरडतो, “आजोबा, हा घ्या झब्बू!” आणि त्या उत्साहातही तोंडातून ‘घ्या’च येतं, ‘घे’ नाही. आजोबा पानं उचलतात, चष्मा सारखा करतात आणि पुढच्या डावात वचपा काढायचा हे मनाशी ठरवतात.

लहान मुलांना मुद्दाम सोडून देऊ नका. त्यांना ते कळतं आणि खेळातली मजा जाते. सुरुवातीचे दोन-तीन डाव मूल कुणाच्या तरी मांडीवर बसून, दोघांत एक हात असं खेळू दे. मग एकट्याने बसू दे आणि हरू दे. पहिल्यांदा हरल्यावर डोळ्यांत पाणी येईल. इथे घरच्यांची परीक्षा असते. झब्बू झालेल्याने पुढच्या डावाची पानं पिसायची आणि वाटायची, एवढीच शिक्षा ठेवा. नाव पुढची पानं वाटली जाईपर्यंतच. मग ते पुसलं गेलं, आता नवा झब्बू शोधायचा. पंधरा मिनिटांनी बँकेतून निवृत्त झालेले काका झब्बू होतात, अर्ध्या तासाने घरातली सगळ्यात हुशार आत्या. हरणं फिरत राहतं, कुणा एकाला चिकटत नाही. हरल्यावरही आपण याच घोळक्यात आहोत, हे मुलाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पैसे मात्र लावू नका. एक रुपयाही नको. पैसे आले की हरणाऱ्याला हसता येत नाही.

पान म्हणजे कोणतं पान?

आपल्या गावांत या खेळाला आणखी एक पदर आहे. मुलं शाळेत हिंदी, गुजराती, कन्नड, कोकणी किंवा इंग्रजी बोलतात. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मुलांना मित्रांच्या घरी पत्त्यांचे रंग हुकुम, पान, ईंट आणि चिड़ी म्हणून भेटतात. घरी येऊन आजी म्हणते, “पान टाक,” आणि मुलगा बदाम टाकतो, कारण तिकडे पान म्हणजे बदाम. आजीचं पान म्हणजे कुठलंही पान. तसंच हुकुमाचं. तिकडे तो इस्पिक, आपल्याकडे ज्या रंगाने बाकीचे रंग कापता येतात तो. या गोंधळावर घरात भरपूर हसून घ्यावं, आणि हसता हसता इस्पिक, बदाम, चौकट, किलवर ही चार नावं मुलांच्या तोंडी बसतात. दुर्री, तिर्री, चौकी, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी हे शब्द क्रमिक पुस्तकात कुठून येणार? ते जाजमावर बसूनच शिकायचे असतात. ज्या मुलाला मराठी बोलताना अडखळायला होतं, तोही “थांबा, माझ्याकडे सत्ती आहे!” हे न अडखळता म्हणतो, कारण तेव्हा त्याचं लक्ष भाषेकडे नसतंच.

पंजाबी शेजारी असतील तर त्यांनाही बोलवा. त्यांच्याकडे जवळजवळ असाच खेळ ‘भाभी’ नावाने खेळतात, आणि शेवटी उरणाऱ्याला भाभी म्हणतात. नियमांत थोडा फरक निघेल, पण हसण्यात निघणार नाही.

एक काम मात्र येत्या सुट्टीत करा. या लेखातले नियम ही एक पद्धत झाली. तुमच्या घरची पद्धत वेगळी असेल. गड्डा झब्बू खेळणारी घरं तर आपले नियम आणखी निराळे सांगतील. हे नियम लिहिलेले सहसा नसतात. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या डोक्यात असतात. तेव्हा डाव मांडण्याआधी त्यांना विचारा : तुमच्या लहानपणी झब्बू कसा खेळायचे? उतारी कोणापासून? पहिला हात माफ असायचा का? सगळ्यात जास्त वेळा झब्बू कोण व्हायचं? उत्तरं पत्त्यांच्या खोक्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवा, खाली तारीख घाला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आजीला जरा जास्त वेळ लागेल. तोवर पानं वाटायला घेऊ नका.